सिनडच्या सभेत मत कुणाचं?

‘प्रतिनिधी’ हा शब्द इथे चालत नाही. इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं ल्यूथरन चर्च, म्हणजे मार्टिन ल्यूथरची प्रोटेस्टंट परंपरा मानणारं. तिथे सिनडच्या (चर्चच्या प्रादेशिक विभागाच्या) सभेला मंडळीतून, म्हणजे एकेका स्थानिक चर्चमधून, निवडून जाणाऱ्या माणसाला नियमावली ‘मतदार सदस्य’ म्हणते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटतो. मंडळीने निवडला, मंडळीने पाठवला, प्रवासखर्चही बहुधा मंडळीनेच दिला, मग तो मंडळीचा प्रतिनिधी नाही तर कोण? पण प्रतिनिधी म्हटला की त्याच्यामागे त्याला बजावून पाठवणारा आलाच. मतदार सदस्याला कुणी बजावू शकत नाही. मंडळी त्याच्याशी आधी बोलेल, आपली काळजी त्याच्या कानावर घालेल, पण पक्षादेश काढू शकणार नाही. त्याने सभागृहात बसायचं, दुसऱ्यांचं ऐकायचं, प्रार्थना करायची आणि मग जे पटेल त्याला मत द्यायचं.

ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की सभेचे बाकीचे नियम आपोआप उलगडत जातात. बदली मत (गैरहजर माणसाचं मत दुसऱ्याने देणं) का नाही, बिशपच्या निवडणुकीत पाच-पाच फेऱ्या का, पहिल्या फेरीत पुढे असलेला शेवटच्या फेरीत मागे का पडतो, या सगळ्याचं मूळ त्या एका शब्दात आहे.

आधी ‘सिनड’ या शब्दाचा घोळ मिटवू. महाराष्ट्रातल्या वाचकाने हा शब्द ऐकला असेल तर बहुधा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या संदर्भात. ते चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालं. सहा वेगवेगळ्या परंपरा त्यात एकत्र आल्या, पण ल्यूथरन त्यात नव्हते. त्या चर्चमध्ये सिनड म्हणजे अखिल भारतीय पातळीवरची सर्वोच्च सभा. तिच्याखाली मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर असे धर्मप्रांत. अमेरिकन ल्यूथरनांकडे नेमकं उलटं आहे. तिथे सिनड म्हणजे प्रदेश, साधारण आपल्या धर्मप्रांतासारखा. त्याचा एक बिशप, एक कार्यालय, काही डझन ते काही शे मंडळ्या. त्या प्रदेशाच्या सभेला म्हणायचं ‘सिनड असेंब्ली’, आणि सगळ्या देशाची सभा वेगळी, ती दर तीन वर्षांनी. १ जानेवारी १९८८ पासून या चर्चचा कारभार सुरू झाला, तीन जुनी ल्यूथरन चर्चेस एकत्र येऊन. तेव्हा सिनड आखले ६५. त्यातले ६४ नकाशावर दाखवता येतात. एक स्लोव्हाक वंशाच्या मंडळ्यांचा, त्याला भौगोलिक हद्द नव्हती.

सिनडची सभा बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाला, दोन-तीन दिवस भरते. सिनडमध्ये तिच्यावर कुणी नाही. बिशप तिचा अध्यक्ष असतो, मालक नसतो. दोन सभांच्या मधल्या काळात सिनड कौन्सिल काम पाहते, आणि त्या कौन्सिलचं अध्यक्षपद बिशपकडे नसून सिनडच्या उपाध्यक्षाकडे असतं. उपाध्यक्ष दीक्षित नसलेला सामान्य सभासदच असला पाहिजे, असा नियम आहे. शिक्षिका, हिशेबनीस, शेतकरी, कुणीही. या पदाचं महत्त्व बाहेरच्यांच्या लक्षात पटकन येत नाही. बिशपची जागा अचानक रिकामी झाली तर कौन्सिल बोलावून पुढची व्यवस्था लावण्याची जबाबदारी याच व्यक्तीवर येते.

आता मत कुणाला, ते पाहू. इथे थोडा हिशेब करावा लागतो, आणि सिनडच्या कार्यालयातही वर्षानुवर्षं घोटाळा होतो तो याच हिशेबात.

पहिला गट दीक्षित सेवकांचा. सिनडच्या नोंदवहीत नाव असलेला, कामावर नेमणूक असलेला आणि सभेला हजर असलेला प्रत्येक पाळक, म्हणजे धर्मगुरू, मतदार. डीकनही मतदार, ते प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी चालवत नाहीत, पण शिक्षण, रुग्णसेवा, समाजकार्य अशा सेवेसाठी त्यांची नेमणूक झालेली असते. मंडळीत काम करणारा, हॉस्पिटलात चॅपलेन (रुग्णांना धीर देणारा पाळक) असलेला, सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकवणारा, असा भेद मतापुरता नाही. निवृत्तांचं तसं नाही. त्यांना मत द्यायचं की नाही ते त्या त्या सिनडने ठरवायचं.

दुसरा गट मंडळ्यांतून निवडून आलेल्या सामान्य सभासदांचा. बाप्तिस्मा झालेले सभासद १७५ पेक्षा कमी असलेल्या मंडळीतून किमान एक. १७५ किंवा जास्त असतील तर किमान दोन, आणि त्यात सर्वसाधारणपणे एक स्त्री, एक पुरुष. त्याच्या वर मोठ्या मंडळ्यांना आणखी किती जागा, ते सूत्र सिनड कौन्सिल ठरवतं. सिनडचे पदाधिकारी पदसिद्ध मतदार असतात.

आणि या सगळ्यावर एक अट: सभेच्या मतदार सदस्यांपैकी किमान ६० टक्के सामान्य सभासद असलेच पाहिजेत. एक सोपं उदाहरण घेऊ. समजा एका सिनडमध्ये १०० मंडळ्या आहेत. ४० छोट्या, त्यांचे ४० सदस्य. ६० मोठ्या, त्यांचे १२०. एकूण सामान्य सभासद १६०. दीक्षित सेवक ११०. बेरीज २७०, आणि सामान्य सभासदांचा वाटा ५९.२६ टक्के. अट मोडली. ११० सेवक मत देणार असतील तर समोर किमान १६५ सामान्य सभासद हवेत, म्हणजे कौन्सिलने आणखी पाच जागा कुठल्या तरी मंडळ्यांना द्यायला हव्यात. आता निवृत्तांपैकी १५ जणांना मत द्यायचं ठरलं, तर सेवक १२५ होतात आणि सामान्य सभासद १८८ लागतात. पाचाऐवजी २८ जागा. निवृत्त पाळकांना मान म्हणून मत देऊ या, असं प्रेमाने सुचवणाऱ्याच्या मनात हे २८ कधीच आलेले नसतात.

ही अडचण अलीकडे जास्त भासते, आणि तिचं कारण दुःखद आहे. १९८८ साली या चर्चचे बाप्तिस्मा झालेले सभासद ५० लाखांच्या वर होते. आता ते ३० लाखांच्याही खाली आले आहेत. मंडळी आटते, पण एकदम बंद होत नाही. आधी ती १७५ च्या खाली घसरते आणि तिच्या दोन जागांची एक होते. ही घसरण दिसते मंडळीने दरवर्षी भरून द्यायच्या अहवालात. तो अहवालच आला नाही तर कार्यालय जुन्या आकड्यावर जागा देत राहतं, आणि सभेच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी विचारतं की एवढ्याशा मंडळीला दोन जागा कशा? तेव्हा फोनाफोनी सुरू होते. सिनडच्या सेक्रेटरीने जानेवारीतच या आकड्यांचा पाठपुरावा करायला हवा, मे महिन्यात नाही.

मंडळीतून कोण जाऊ शकतं? जो त्या मंडळीचा मतदार सभासद आहे तो. नुसतं नाव वहीत असून भागत नाही. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी) झालेलं हवं. चालू किंवा मागच्या वर्षात त्या मंडळीत एकदा तरी प्रभुभोजन घेतलेलं हवं. आणि त्याच काळात एकदा तरी नोंद झालेली देणगी दिलेली हवी. रक्कम कितीही चालते, पण नोंद हवी. रविवारी दानाच्या ताटात दुमडून टाकलेली नोट देवापर्यंत पोचते, मंडळीच्या खजिनदाराच्या वहीत मात्र पोचत नाही, कारण तिच्यावर नाव नसतं. वर्षानुवर्षं अशी गुपचूप देणारी माणसं मंडळीच्या वार्षिक सभेत मतदार ठरत नाहीत, आणि त्यामुळे सिनडच्या सभेलाही जाऊ शकत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. वर्षाकाठी एखादं तरी पाकीट नाव घालून द्यायचं. वयाची अट मोठी नाही. दृढीकरण झालेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगीही निवडून जाऊ शकते, आणि तिचं मत बिशपच्या मताएवढंच मोजलं जातं.

सामान्य सभासदांचं हे बहुमत आपोआप आलेलं नाही. अमेरिकेतला पहिला ल्यूथरन सिनड १७४८ साली फिलाडेल्फियात हेन्री मेल्चियर म्यूलेनबर्ग यांनी भरवला. त्याचं नाव पुढे पडलं पेनसिल्व्हेनिया मिनिस्टेरियम, म्हणजे सेवकांचं मंडळ. नावातच सगळं आलं. मंडळ्यांतून लोक येत, आपले पाळक कसं काम करतात, शाळा कशी चालली आहे ते सांगत, आणि मग निर्णय पाळक घेत. सामान्य सभासदांना मताचा हक्क मिळायला १७९२ उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं. याच मिनिस्टेरियमने पाठवलेले जॉन ख्रिश्चन फ्रेडरिक हायर १८४२ साली गुंटूरला पोचले, आणि आंध्रातल्या ल्यूथरन चर्चची सुरुवात तिथून झाली. फिलाडेल्फियाच्या त्या जुन्या सभेचा धागा असा तेलुगू मुलखापर्यंत आलेला आहे.

सगळे ल्यूथरन मात्र ही पद्धत मानत नाहीत. अमेरिकेतलंच मिसुरी सिनड हे दुसरं मोठं चर्च (तिथे ‘सिनड’ म्हणजे अख्खं चर्च, आणि प्रदेशाला म्हणायचं ‘डिस्ट्रिक्ट’, शब्दांनी छळायचं ठरवलंच आहे). त्यांची डिस्ट्रिक्टची सभा दर तीन वर्षांनी भरते, आणि तिथे मंडळीला मतं दोन: एक पाळकाचं, एक सामान्य सभासदाचं. मंडळी चाळीस जणांची असो की चार हजारांची, मतं दोनच. एकाच पाळकाकडे दोन मंडळ्या असल्या तरी पाळकाचं मत एकच. हॉस्पिटलातला किंवा सेमिनरीतला पाळक तिथे बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. त्यांच्या हिशेबात एकक मंडळी आहे, आणि हिशेब सुटसुटीत आहे हे मान्य करायला हवं. ६० टक्क्यांची कसरत तिथे करावीच लागत नाही. तरीही मला पहिली पद्धत जास्त भावते, कारण तीत हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या चॅपलेनचं म्हणणं मोजलं जातं.

आता सभागृहात. दारात नोंदणीचं टेबल. यादीत नाव तपासून गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं, आणि कार्डाच्या रंगावरून कळतं की हा मतदार आहे, की नुसता बोलण्याचा हक्क असलेला पाहुणा, की प्रेक्षक. राष्ट्रीय चर्चचे प्रमुख बिशप जरी आले तरी त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. निवडलेली व्यक्ती आजारी पडली तर मंडळीने निवडून ठेवलेला पर्यायी सदस्य तिच्या जागी येऊ शकतो, पण त्याची नोंद रीतसर व्हावी लागते. ‘शनिवारी मी थांबत नाही, माझं कार्ड घालून हा बसेल’ हे चालत नाही. मतदानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं हातात देतात तिथे हा मोह फार होतो. शेजारी चहा आणायला गेला, त्याचं यंत्र खुर्चीवर पडलेलं, आणि त्याने कुणाला मत दिलं असतं हेही माहीत आहे. ते बटण दाबायचं नाही. पत्राने मत नाही, बदली मत नाही, हे नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे. जो चर्चा ऐकायला हजर नव्हता त्याचं मत कुठून येणार?

सगळ्यात आधी नोंदणी समितीचा अहवाल येतो: किती मतदार नोंदले, त्यात सामान्य सभासद किती, सेवक किती. तो मंजूर होईपर्यंत सभेला खरं म्हणजे सभासदच नसतात. नंतर सभेचे कामकाजाचे नियम मंजूर होतात, मग कार्यक्रम. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण नियमांवर मत कोण देणार ते अहवालच ठरवतो. दुसऱ्या दिवशी उशिरा आलेल्यांसाठी सुधारित अहवाल येतो. हा भाग कंटाळवाणा असतो. लोक मोबाइल पाहत बसतात. पण पुढे एखाद्या मतदानावर वाद झाला तर सगळे याच कागदाकडे धावतात.

गणपूर्ती म्हणजे सभेच्या सदस्यांपैकी निम्मे. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेची सवय असलेल्याने इथे जपून राहावं. सोसायटीत गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब करतात, मग तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून कामकाज उरकतात, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सिनडच्या सभेत ही पळवाट नाही. ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ हे सभाशास्त्राचं पुस्तक नियमावलीनेच बंधनकारक केलं आहे, आणि त्यानुसार गणपूर्ती नसताना सभेला फक्त थोडा वेळ थांबता येतं, पुढची वेळ ठरवता येते, माणसं गोळा करता येतात किंवा सभा संपवता येते. (हे पुस्तक लिहिणारा हेन्री मार्टिन रॉबर्ट लष्करातला इंजिनिअर. एका चर्चमधली सभा चालवताना त्याची फजिती झाली, त्यातून १८७६ साली पुस्तक निघालं.) धोका असतो शेवटच्या दुपारी. चार तास गाडी चालवून घरी जायचं असतं, दुसऱ्या दिवशी रविवार आणि पाळकाला उपदेश करायचा असतो. लोक एक एक करून उठतात. तेवढ्यात कुणीतरी उभं राहून गणपूर्ती मोजा म्हणतं, आणि उरलेले सगळे ठराव तिथेच अडकतात. म्हणून वादाचा विषय शेवटच्या दुपारी ठेवणं हे कार्यक्रम आखणाऱ्याचं पाप आहे, असं मी स्पष्टच म्हणेन. दमलेल्या, अर्ध्या रिकाम्या सभागृहाने घेतलेला निर्णय मंडळ्या मनापासून स्वीकारत नाहीत.

ठराव दोन जातींचे. एक सिनडने स्वतः काही करावं म्हणून; दुसरा, राष्ट्रीय सभेने काही करावं अशी विनंती पुढे पाठवण्यासाठी, त्याला ‘मेमोरियल’ म्हणतात. भाषा आपल्या सरकारी आदेशासारखीच: ज्याअर्थी असं आहे, ज्याअर्थी तसं आहे, त्याअर्थी असा ठराव करण्यात येतो की. मुदतीत आलेले ठराव एक समिती तपासते, सारखे ठराव एकत्र करते, शिफारस करते. उशिरा आलेला ठराव घ्यायचा तर सभेचं खास बहुमत मागतात. फसणाऱ्या ठरावांत तीन दोष पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला, काम कुणी करायचं ते लिहिलेलंच नसतं. दुसरा, खर्च लागणार असतो पण अंदाजपत्रकात त्याला जागा नसते. तिसरा सर्वांत मोठा: सिनडच्या हातात नसलेली गोष्ट सिनडला करायला सांगितलेली असते. मंडळीने आपली इमारत कशी वापरावी असा हुकूम सिनड सोडू शकत नाही. आग्रह करू शकतं. ‘आदेश देण्यात येतो’ खोडून ‘आग्रहाची विनंती करण्यात येते’ लिहिलं की ठराव नियमात बसतो. ही दुरुस्ती सभागृहात करायला अर्धा तास जातो, समितीत पाच मिनिटं.

चर्चेसाठी सभागृहात माइक उभे केलेले असतात. बऱ्याच ठिकाणी बाजूने बोलणाऱ्यांनी हिरवं कार्ड आणि विरुद्ध बोलणाऱ्यांनी लाल कार्ड धरून रांगेत उभं राहायचं, म्हणजे अध्यक्षाला आलटून पालटून बोलावता येतं. वेळ ठरलेला, बहुधा दोन मिनिटं. चर्चा लांबली की मागून कुणीतरी बसल्या जागेवरून ‘मतदान घ्या’ ओरडतं. त्याला काही अर्थ नाही. चर्चा थांबवायचा प्रस्ताव माइकवर येऊन, अध्यक्षाने नाव घेतल्यावर मांडावा लागतो, त्याला अनुमोदन लागतं आणि दोन तृतीयांश मतं लागतात. एवढी मतं का? दुसऱ्याचं बोलणं तोडायचं तर साधं बहुमत पुरेसं धरलेलं नाही, म्हणून.

आणि आता बिशपची निवड. मुदत सहा वर्षांची, त्यामुळे प्रत्येक सभेत ही वेळ येत नाही. उमेदवारी अर्ज नसतात, प्रचार नसतो, आणि ‘मी उभा आहे’ असं म्हणणं वाईट दिसतं. या चर्चच्या नोंदवहीत असलेला कुठलाही पाळक, देशाच्या दुसऱ्या टोकाचा का असेना, निवडून येऊ शकतो. पहिल्या फेरीत कागद कोरा असतो आणि प्रत्येक मतदार मनातलं एक नाव लिहितो. स्वीडिश-नॉर्वेजियन वंशाच्या भागात अँडरसन, जॉन्सन, ओल्सन ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकी. म्हणून पूर्ण नाव आणि गाव लिहायला सांगतात, नाहीतर मोजणारे अडतात. बिशप स्वतःच पुन्हा विचारात असेल तर त्या वेळी अध्यक्षाची खुर्ची सहसा दुसऱ्याला देतात.

सगळ्या सिनडांसाठी नमुना म्हणून असलेल्या नियमावलीतल्या पायऱ्या अशा. पहिल्या फेरीत पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश कुणाला मिळाली तर निवड झाली. नाही मिळाली तर ती फेरी नावं सुचवण्याची धरायची. दुसऱ्या फेरीतही तीन चतुर्थांश लागतात. तिसऱ्यात वरची सात नावं, आणि दोन तृतीयांश मतं. चौथ्यात तीन नावं, ६० टक्के. त्यानंतर दोन नावं आणि साधं बहुमत. कुठल्याही टप्प्यावर शेवटच्या जागेवर बरोबरी असेल तर दोघांनाही घ्यायचं, त्यामुळे साताचे आठ होऊ शकतात. फेऱ्यांच्या मध्ये, सभेच्या नियमांप्रमाणे, नाव मागे घ्यायची वेळ ठरलेली असते. उरलेले आपली माहिती देतात, सभेपुढे बोलतात, प्रश्नांना उत्तरं देतात. तिघांतल्या एकाने माघार घेतली तर चौथ्याला वर घ्यायचं की दोघांतच मतदान, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर ऐन वेळी मोठा वाद होतो.

आकडे घेऊन बघू. हे सगळे कल्पित आहेत. पहिल्या फेरीत ३१८ कागद आले, चार कोरे. कोरा कागद म्हणजे मत पडलंच नाही, त्यामुळे मतं ३१४ आणि लागणार २३६. सर्वांत पुढच्या नावाला ७१. दुसऱ्या फेरीत ३१२ मतं, लागणार २३४, कुणीच जवळपास नाही. तिसरीत ३०९, लागणार २०६. इथे एक बारकावा: सातांबाहेरचं नाव कुणी हट्टाने लिहिलं तर ते मत कुणाच्याच पदरात पडत नाही, पण एकूण मतांत मोजलं जातं. म्हणजे कोरा कागद टाकणारा उंबरठा खाली आणतो, आणि बाहेरचं नाव लिहिणारा तो वर ठेवतो. रागाने टाकलेल्या दोन्ही कागदांचा परिणाम वेगळा होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चौथी फेरी: ३१० मतं, लागणार १८६. पहिल्याला १४१, दुसरीला ९६, तिसऱ्याला ७३. तिसरा गळला. सभागृहात बहुतेकांना वाटतं, झालं, १४१ वालाच येणार. पाचवी फेरी: ३०७ मतं, लागणार १५४. पहिल्याला १५१, दुसरीला १५६. गळलेल्याच्या ७३ जणांपैकी ६० तिच्याकडे वळले. ४५ मतांनी मागे असलेली बाई बिशप झाली, आणि यात कुणी काही लबाडी केलेली नाही. पहिल्याला चाहते पुष्कळ होते, पण बाकीच्यांच्या मनात तो दुसऱ्या पसंतीचा नव्हता. ती होती. पाच फेऱ्यांच्या त्या दोन दिवसांत लोकांनी एकमेकांचं ऐकलं, मत बदललं. घरून ठरवून आणलेलं मत पाकिटात घालून पाठवता आलं असतं तर हे घडलंच नसतं.

याच पद्धतीने १९९२ साली ला क्रॉस परिसराच्या सिनडने एप्रिल लार्सन यांना निवडलं. या चर्चच्या त्या पहिल्या स्त्री बिशप. मे २०१८ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत आग्नेय पेनसिल्व्हेनियात पॅट्रिशिया डेव्हनपोर्ट आणि विस्कॉन्सिनच्या दक्षिण-मध्य सिनडमध्ये व्हिव्हियन थॉमस-ब्राइटफेल्ड निवडून आल्या, आफ्रिकन अमेरिकन स्त्रियांतल्या पहिल्या दोघी. आग्नेय पेनसिल्व्हेनिया म्हणजे फिलाडेल्फिया आणि आसपासचा मुलूख, जिथे १७४८ साली फक्त पाळकांना मत होतं.

बाकी कामं त्यामानाने पटकन होतात. अंदाजपत्रक मंजूर होतं, आणि मंडळ्यांकडून सिनडकडे येणाऱ्या पैशांतला किती टक्के राष्ट्रीय चर्चकडे पुढे पाठवायचा तेही त्यातच ठरतं. कौन्सिलवरची माणसं, शिस्तपालन समितीवरची माणसं, आणि राष्ट्रीय सभेला जाणारे मतदार सदस्य निवडले जातात. हे शेवटचे सिनडने निवडलेले असले तरी सिनडचे प्रतिनिधी नसतात. तिथेही तोच शब्द, तोच अर्थ.

सभा संपली, अध्यक्षाने शेवटची प्रार्थना केली, कार्डं पेटीत जमा झाली. मंडळीत परत जाऊन दोन-तीन रविवारांत काय झालं ते सांगणं, आपण कुठे आणि का मत दिलं तेही मोकळेपणाने सांगणं, ही चांगल्या सदस्याची रीत. सामान्य सभासदाचं सदस्यत्व मात्र त्या दिवशी संपत नाही. मंडळी पुढच्या सभेसाठी नवी निवड करेपर्यंत किंवा तो मंडळीचा सभासद असेपर्यंत ते चालू राहतं. मधल्या काळात कौन्सिलच्या संमतीने बिशप खास सभा बोलावू शकतो, आणि एक पंचमांश मतदार सदस्यांनी मागणी केली तर ती बोलवावीच लागते. ऑक्टोबरात तसं झालं तर सेक्रेटरीचं पत्र मे महिन्यातल्या त्याच माणसांच्या घरी येतं. म्हणून पत्ता बदलला तर कार्यालयाला कळवायचं.